अकोल्याची सभा आणि पुराव्याची हद्द

‘श्रीगजाननविजय’ ग्रंथाच्या पंधराव्या अध्यायात अकोल्याच्या शिवजयंती सभेची हकीकत आहे. लोकमान्य टिळकांचे भाषण झाले, शेगावचे गजानन महाराज तेथे उपस्थित होते आणि टिळकांना आता कडक शिक्षा होणार असे त्यांनी सांगितले, असे ग्रंथ म्हणतो. ही सभा १९०८ सालची मानतात. त्याच वर्षी २२ जुलैला मुंबई उच्च न्यायालयाने टिळकांना सहा वर्षांची शिक्षा सुनावली आणि त्यांची रवानगी मंडालेला झाली.

वऱ्हाडात ही कथा पारायणातून घरोघरी पोचलेली आहे. प्रस्तुत लेखकाच्याही घरी ती लहानपणापासून कानावर पडत आली. पुढे एका व्याख्यानात वक्त्याने समोर बसलेल्या म्हाताऱ्या बायांना, “सिद्ध करा, नाहीतर पोथी बाजूला ठेवा,” असे सुनावले. त्या बाया मान खाली घालून बसल्या. ते अजून सलते, कारण त्या मागणीत मुळातच दोन प्रश्नांची गल्लत होती: महाराज तसे बोलले का, आणि ते कोणत्या ज्ञानातून बोलले.

शिक्षा झाली, याला न्यायालयाचे दप्तर साक्ष आहे. भाकिताचे तसे नाही. ग्रंथकर्ते दासगणू यांनी ‘श्रीगजाननविजय’ १९३९ साली पूर्ण केला, म्हणजे सभेनंतर सुमारे तीन दशकांनी. निकाल माहीत झाल्यावर आठवण निकालाकडे झुकते; हे खोटेपणाने होत नाही, माणसाच्या स्मरणाचा तो स्वभावच आहे. समजा, शिक्षेच्या आधी लिहिलेला, तारीख घातलेला एखादा कागद मिळाला, तर महाराज तसे बोलले एवढे ठरेल. ते कोणत्या ज्ञानातून बोलले, हे त्या कागदाने ठरणार नाही. टिळकांना १८९७ मध्येही राजद्रोहाची शिक्षा झाली होती. सरकार पुन्हा त्यांच्यावर उठणार, हे जाणत्या माणसाला दिसण्यासारखे होते, असे नास्तिक म्हणेल. भक्त म्हणेल, संतांना दिसले ते निराळे. प्रयोगशाळेत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करून पाहता येते. अकोल्याची सभा एकदाच झाली. कितीही कागद जमवले तरी हा वाद मिटणार नाही.

म्हणून त्या वक्त्याची मागणी अन्यायाची होती. पण नामजपाच्या कंपनांनी अमुक होते, “हे विज्ञानाने सिद्ध केले आहे,” असे पारायणाच्या मांडवात सांगणारेही तितकेच चुकतात. ज्या श्रद्धेवर बायाबापड्यांनी आयुष्य काढले, तिला प्रमाणपत्राची गरज नाही, आणि उसने प्रमाणपत्र तर नकोच.

तरीही पुरावा बाजूला सारावा असे नाही. याचे उदाहरण वऱ्हाडातच आहे. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला तेराव्या शतकात महानुभाव पंथातल्या म्हाइंभटांनी पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी यांच्या लीळा ‘लीळाचरित्रा’त गोळा केल्या. ज्यांनी पाहिले, ऐकले, त्यांना गाठून, विचारून, चक्रधरांचे शिष्य नागदेवाचार्य यांच्याकडून पडताळून घेतल्या. चक्रधर परमेश्वर आहेत यावर ज्याची पूर्ण निष्ठा, त्याच माणसाने साक्षी तपासाव्यात, याचे आश्चर्य ओसरत नाही. भक्ती आणि चौकशी एकाच अंगणात नांदू शकतात हे तेथे दिसते. पुढे स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ पोथी हरवली आणि शिष्यांनी आठवणीतून ती पुन्हा उभी केली. म्हणून ‘लीळाचरित्रा’च्या प्रतींत पाठभेद आहेत आणि एकाच लीळेचे दोन पाठ शेजारी-शेजारी वाचायला मिळतात.