जर्मनीहून आलेला मोडेम

२००९ सालच्या दिवाळींत माझा पुतण्या श्टुटगार्टहून रजेवर आला, तेव्हां आपला वापरलेला डी.एस.एल. मोडेम बरोबर घेऊन आला. तिकडे त्यानें नवा घेतला होता. जुना टाकून देणें जिवावर आलें. आमच्या पुण्याच्या घरीं ब्रॉडबँडची जोडणी मिळावयाची होती. दादांनीं नव्या मोडेमची किंमत विचारून ठेविली होती. ती वांचली म्हणून ते खुष झाले.

डिसेंबरांत पुतण्याला मुलगी झाली. आई तेव्हां ८४ वर्षांची. पणतीचें बारसें तुला पडद्यावर दाखवीन, असें वचन मी सर्वांसमक्ष देऊन बसलों. बारसें रविवारीं, आमच्या तारेवर सेवा सुरू झाली त्याच आठवड्याच्या सोमवारीं.

मोडेम जोडतांच विजेचा दिवा लागला. तिकडील विजेचा दाब २३० व्होल्ट, इकडीलहि तोच. 'डी.एस.एल.' ह्या अक्षरांजवळचा दिवा मात्र मिचकावत राहिला. हा दिवा स्थिर होणें म्हणजे घरांतला मोडेम आणि दूरध्वनी-केंद्रांतलें यंत्र यांची ओळख पटणें. ती पटल्याखेरीज नांव व परवलीचा शब्द यांना कांहींच अर्थ नसतो. दारच उघडलें नाहीं तर आंत जाऊन नांव सांगणार कोणाला? मला हें ठाऊक नव्हतें. दोन रात्री मी परवलीचा शब्द पुनःपुन्हां घालीत बसलों.

बुधवारीं माझा संशय घरांतल्या फोनांवर गेला. एकाच तारेवर तीन फोन होते : दिवाणखान्यांत, माडीवर आणि स्वयंपाकघरांत. माणसाचें बोलणें तारेंत सुमारें ४ किलोहर्ट्झच्या खालीं चालतें, डी.एस.एल. त्याच्या पुष्कळ वर. प्रत्येक फोनपाशीं फिल्टर नसला तर फोन वरच्या लहरींत ढवळाढवळ करतो. आमच्याकडे फिल्टर एकच होता. म्हणून मीं माडीवरचा व स्वयंपाकघरांतला फोन काढून ठेविला. शास्त्र बरोबर होतें. पण रोज दुपारीं एक वाजतां सांगलीहून वहिनींच्या आईचा फोन येई. जेवणें आटोपून झांकपाक झालेली असे, आणि पाटावर बसून वहिनी दहा मिनिटें आईशीं बोलत. तें बोलणें दिवाणखान्यांत, दादांच्या समोर व्हावयाचें नाहीं, हें मला कळावयास हवें होतें. वहिनी कांहींच बोलल्या नाहींत. उलट मींच आईला सांगितलें, "स्वयंपाकघरांतल्या फोनमुळें सारें अडलें होतें," आणि तेंहि वहिनींना ऐकूं जाईल अशा आवाजांत.

फोन काढूनहि दिवा मिचकावतच होता.

शुक्रवारीं शेजाऱ्यांचा मोडेम घटकाभर मागून आणला. खरें म्हणजे हें सोमवारींच करावयाचें काम. आमच्याच तारेला तो लावला आणि मिनिटाभरांत दिवा स्थिर झाला! मग मीं आणखी दोन फिल्टर विकत आणले व दोन्ही फोन पुन्हां जोडले. दिवा हलला नाहीं.

शेजाऱ्यांच्या अभियांत्रिकी शिकणाऱ्या मुलानें आमचा मोडेम पालथा करून खालची चिठ्ठी वाचली : 'अ‍ॅनेक्स बी'. जर्मनींत आय.एस.डी.एन. ह्या अंकीय दूरध्वनीचा प्रसार मोठा होता. तो तारेंतली १२० किलोहर्ट्झपर्यंतची जागा व्यापतो. म्हणून तेथील डी.एस.एल.ला वर सरकून बसावें लागलें, आणि साध्या फोनच्या घरींहि तीच पद्धत ठेवण्यांत आली. आपल्याकडची पद्धत 'अ‍ॅनेक्स ए'. आमचें केंद्र २६ ते १३८ किलोहर्ट्झच्या दरम्यान कान लावून बसलेलें, आणि पुतण्याचा मोडेम १३८ ते २७६ च्या दरम्यान हाका मारीत होता. कांहीं मोडेमना दोन्ही पद्धती येतात. ह्याला एकच येत होती.

रविवारीं सकाळीं जुन्या बाजारांतून दुसरा मोडेम आणला. त्याचा दिवा लगेच स्थिर झाला, पण इंटरनेटचा दिवा लागेना. पोटांत अजून पूर्वीच्या मालकाचें नांव होतें. तें पुसण्यासाठीं मागच्या बारीक छिद्रांत टांचणी खुपसून दहा सेकंद दाबून धरावी लागते. टांचणी सांपडेना. वहिनींनीं केसांतला आंकडा काढून पुढें केला.

"वहिनी, चूक माझी झाली. तुमच्या फोनमुळें कांहीं अडलें नव्हतें."

"तें मला बुधवारींच कळलें होतें, भाऊजी. फोन काढल्यावरहि दिवा मिचकावतच होता कीं!"

पूर्वीच्या मालकाचें नांव पुसलें, शून्य व ३५ हे दोन आंकडे घातले, मग आमचें नांव व परवलीचा शब्द. तिसरा दिवा लागला. एक वाजतां स्वयंपाकघरांतला फोन वाजला, वहिनी उठून गेल्या आणि मीं मधलें दार लोटून घेतलें.

साडेतीन वाजतां, तिकडच्या अकरा वाजतां, आईनें पणती पाहिली. चित्र मधूनमधून थिजत होतें. तेवढ्यापुरती ती पाळण्याकडे डोळे लावून गप्प बसे. संध्याकाळीं तिनें जर्मनीचा मोडेम मागून घेतला, पदरानें पुसला आणि आपल्या कपाटांत ठेविला.

"बिघडलेला नाहीं ना? मग राहूं दे."