गायमुखाची वाट आणि आंबागडाची वाट

माघाच्या अखेरीस तुमसराहून आंबागडाकडे निघाले म्हणजे धान निघून उघड्या पडलेल्या बांध्या दोन्ही अंगांना पसरलेल्या दिसतात आणि समोर सातपुड्याच्या पायथ्याच्या टेकड्या हळूहळू ठसठशीत होऊ लागतात. महाशिवरात्रीला हा सारा मुलूख गायमुखाच्या यात्रेला लोटतो. त्या दिवशी माझे वडील, जे तुमसरच्या कचेरीत कारकून होते, मला घेऊन नेमके त्या गर्दीतून वाट काढीत आंबागडाच्या किल्ल्यावर जात असत. आमच्या घरात देव्हारा नव्हता. उपासतापास, नवस, कुळाचार यांपैकी काहीही नव्हते. आणि शाळेच्या कागदांवरील धर्माचा रकाना वडिलांनी आग्रहपूर्वक कोरा ठेवविला होता. यंदा त्याच दिवशी, त्याच रस्त्याने, त्यांच्या पश्चात मी प्रथमच किल्ल्याकडे निघालो होतो.

देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याच्या अमलात, इ. स. 1700 च्या सुमारास, राजाखान पठाण नावाच्या त्याच्या अधिकाऱ्याने हा किल्ला बांधला. पुढे तो नागपूरकर भोसल्यांकडे आला, बंदीखाना झाला, आणि अखेर इंग्रजांच्या ताब्यात गेला. ज्या राजाच्या अमलात तो उभा राहिला, त्याने मोगल दरबारात राज्यासाठी इस्लाम स्वीकारला होता, ही गोष्ट वडील मला चढणीवर सांगत. आणि राजसत्तेच्या सोयीसाठी बदललेला धर्म व विवेकाला पटल्यावाचून स्वीकारलेला धर्म या दोहोंनाही ते सारखेच नाकारीत. किल्ल्यातील विहिरीचे विषारी पाणी कैद्यांना पाजीत, अशी आख्यायिका आहे. त्या विहिरीपाशी आले म्हणजे वडील डोक्यावरची टोपी काढून बराच वेळ निःशब्द उभे राहत. ज्यांची नावे कोणत्याही दफ्तरात उरली नाहीत, त्या माणसांपुढे ते नतमस्तक होत होते, हे मला फार उशिरा उमगले. आमच्या घरात श्रद्धेचा अभाव नव्हता, अभाव होता तो ती श्रद्धा चार माणसांच्या संगतीत उच्चारण्याच्या जागेचा.

ती जागा मला मुंबईत गिरगावात, प्रार्थना समाजाच्या मंदिरात मिळाली. 31 मार्च 1867 रोजी डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने स्थापन झालेला आणि न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारख्यांनी वाढविलेला हा समाज. परंतु मी तेथे गेलो तो इतिहासाच्या ओढीने नव्हे, तर वडिलांच्या निधनानंतर रविवारची संध्याकाळ एकट्याने काढवेना म्हणून. मूर्ती नाही, नैवेद्य नाही. स्तवन, ध्यान, प्रार्थना, उपदेश, आणि मधूनमधून तुकोबांचा अभंग. ज्याच्या मुखातून जन्मात प्रार्थनेचा शब्द निघाला नाही, त्याने डोळे मिटून काय म्हणावे, असे मी तेथील एका वृद्ध सभासदांना संकोचून विचारले, तेव्हा त्यांनी सांगितले, "जेवढे खरे वाटेल तेवढेच म्हणा, बाकीच्या वेळी ऐका." कित्येक रविवार मी केवळ ऐकत होतो, आणि कोणी मला त्याचा जाब विचारला नाही.

महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांचे चरित्र मी वाचले ते त्यानंतर. महाविद्यालयात मिल आणि स्पेन्सर यांचे तत्त्वज्ञान पचविलेला हा तरुण प्रार्थना समाजात आला, 1901 मध्ये विलायतेतील युनिटेरियन मंडळींच्या शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात उदार धर्माचा अभ्यास करावयास गेला, आणि परतल्यावर 1906 मध्ये त्याने मुंबईत अस्पृश्यवर्गासाठी मिशन उभे केले. ईश्वर एक आणि मनुष्यजात एक, हे युनिटेरियनांचे म्हणणे राजा राममोहन रायांनी कलकत्त्यात 1821 मध्येच आपलेसे केले होते. तथापि ते म्हणणे वस्तीवस्तीत जाऊन शाळा व वसतिगृहे यांच्या रूपाने सिद्ध करण्याचे श्रम शिंद्यांनी घेतले, आणि माझ्या मते या परंपरेतील सर्वांत मोठे पाऊल तेच होय. माझ्या वडिलांना शिंदे भेटावयास हवे होते.

यंदा मी चढून गेलो, तेव्हा किल्ल्याच्या बुरुजावर खालच्या गावचे एक वयस्क शेतकरी विसावले होते. मी यात्रेला न जाता इकडे कसा, याचे त्यांना नवल वाटले.

"तुमी कोनत्या देवाले मानता जी?"

"एकच मानतो. मूर्ती नाही."

"मंग तुमी बी सेवक?" त्यांचा चेहरा एकदम उजळला. नागपूरचे बाबा जुमदेवजी यांच्या परमात्मा एक सेवक मंडळाचे ते अनुयायी होते. एकच भगवान मानणारा, मूर्तिपूजा आणि दारू सोडावयास लावणारा हा मार्ग या जिल्ह्यात गरीब घराघरांतून पसरला आहे, हे मला ऐकून ठाऊक होते. गिरगावातील समाजाविषयी मी सांगितले, ते त्यांनी लक्ष देऊन ऐकले. मग म्हणाले, "आमी पुस्तक वाचून नाही आलो जी. दारूनं घर बुडालं होतं. तवा आलो."

भगवंताच्या कृपेने रोग बरे होतात, हा त्यांचा विश्वास माझ्या बुद्धीला पटत नाही, आणि तसे मी नम्रपणे बोलूनही दाखविले. त्यांनी राग मानला नाही. उलट त्यांच्या बैठकीत बायामाणसे उठून आपला अनुभव सांगतात, हे त्यांच्याकडून ऐकताना मला जाणवले, की आमच्या मंदिरात उपदेश ऐकणारे पुष्कळ असतात, परंतु आपण कशामुळे येथे आलो हे सर्वांसमक्ष सांगणारा क्वचितच आढळतो. ही उणीव गिरगावात जाऊन बोलून दाखवावयाची, असे मी तेथेच ठरविले.

"उद्या सांजेले बैठक हाये. या," ते म्हणाले. "आन् तुमचा तो तुकाराम बी आना."

मी त्यांच्या गावाचा रस्ता नीट विचारून घेतला आणि उतरल्यावर दुसऱ्या दिवशीचे परतीचे तिकीट पुढे ढकलले.