घोडीचे केस

मामाची घोडी वरातीला जाते. थंडीत तिची लव दाट होते, नाचून घामेजली की वाळत नाही. म्हणून केस काढायचे. पण मशीन घुरघुरलं की ती कान मागं पाडते, डोळ्याचं पांढरं दाखवते. घोड्याला आपल्याला न येणारे उंच आवाजही ऐकू येतात. मी गिरणीत उभा असतो, मला कळतं.

काही लोक ओठाला दोरीचा पीळ घालतात. जनावर उभं राहतं, भ्यालेलंच. मामाला ते पटत नाही. आधी मशीन लांब चालू ठेवायचं, इकडं गूळ. मग बंद मशीन खांद्यावर फिरवायचं. मग चालू मशीन आपल्या मुठीत, मूठ तिच्या खांद्यावर. कापायचं नाही, नुसती थरथर. ती शांत असतानाच बंद करायचं, खरी गोम इथं. पातं तापलं तर थांबायचं. पाय आणि कान शेवटी.

२०१८ साली उत्तर प्रदेशात, कासगंज जिल्ह्यातल्या निजामपूरला, संजय जाटवला वरातीसाठी पोलिसांचा पहारा लागला. त्याच साली गुजरातेत टिंबी गावात घोडा पाळणाऱ्या आपल्या पोराचा खून झाला.

वस्तीतल्या वरातीला मामा अर्धंच भाडं घेतो. उजवा कान राहिलाय. सुट्टीच्या दिवशी करू.