गेल नगरीतील पाहुणे

बेल्जम देशाच्या अँटवर्प प्रांतात, केंपन नावाच्या रेताड मुलुखात, गेल हे नगर आहे. संत डिंफ्नाचे ख्रिस्तमंदिर तेथलेच. आख्यायिका अशी की, सातव्या शतकात आयर्लंडची ही राजकन्या शोकाने भ्रमिष्ट झालेल्या पित्यापासून पळून येथे आली आणि अखेर त्याच्याच हातून तिचा शिरच्छेद झाला. इतिहास यास कितपत दुजोरा देईल, हा प्रश्न निराळा. परंतु मनोरुग्णांची ती पालक संत ठरली व दूरदूरचे लोक आपल्या पीडित आप्तांना नोव्हेनासाठी येथे आणू लागले. मंदिराला लागून पंधराव्या शतकात बांधलेली जागा अपुरी पडू लागली, तेव्हा गावकऱ्यांनी आपली दारे उघडली. नोव्हेना संपे, कित्येक पाहुणे मात्र तेथेच राहत.

त्यांना तेथे रोगी म्हणत नाहीत. घरी राहून जेवणारा, अशा अर्थाचा त्यांच्या भाषेत शब्द आहे. आजाराचे नावही यजमानांना सांगण्याची प्रथा नव्हती.

एका घरातील पाहुणा रोज सदऱ्याच्या गुंड्या पिळून पिळून तोडीत असे आणि घरधनीण रोज रात्री त्या पुन्हा शिवून लावी. १९७० नंतरच्या दशकात तेथे राहिलेल्या एका अमेरिकन अभ्यासक बाईने तिला सुचविले की, मासे धरण्याच्या गळाच्या दोरीने शिवा, म्हणजे तुटणार नाहीत. घरधनिणीला ते मुळीच रुचले नाही. गुंड्या तोडणे ही त्या माणसाची गरज आहे, ती अडवू नये, असे तिचे म्हणणे.

वाचकहो, आपल्या घरी असा कोणी असला, तर आपण एकतर त्याला समजावीत बसतो, नाहीतर चार माणसे आली की आतल्या खोलीत बसवितो. त्या माउलीने दोन्ही केले नाही. तिने सुई ओवली.

यजमानांना मोबदला मिळे, शेतीला हात मिळत, हे लपविण्याचे कारण नाही. १८५० साली ही व्यवस्था सरकारी देखरेखीखाली आली. १९३८ च्या सुमारास ३,७०० च्या वर पाहुणे होते. पुढे शेती घटली, नवी औषधे निघाली, बाया नोकरीस जाऊ लागल्या, आणि आता फारच थोडे उरले आहेत. तरीही कित्येक जण एकाच घरी तीस-चाळीस वर्षे राहिले आहेत. घरची म्हातारी माणसे गेली, म्हणजे त्यांचा मुलगा किंवा मुलगी त्या पाहुण्याला आपल्याकडे ठेवून घेते.