तीनधारी काडी

दिवाळीच्या आठवडाभर आधी मी ओरछा गेटजवळच्या पंसाऱ्याकडे नागरमोथा मागते. तो दरवर्षी विचारतो, "दवा के लिए या उबटन के लिए?" झाशीतल्या आम्हा मराठी घरांची भाषा आता बरीच पातळ झाली आहे, क्रियापदं बुंदेली, शिव्या हिंदी. उटण्याची यादी मात्र अजून शाबूत आहे: नागरमोथा, गवला कचोरा, आंबेहळद, वाळा.

हा नागरमोथा लव्हाळ्याच्या कुळातला. तुकोबांचा लव्हाळा आणि या सुवासिक गाठी भाऊबंद आहेत, हे सांगितलं तर घरात कुणाला पटत नाही. काडी बोटांत फिरवून पाहावी. गवताची गोल फिरते, लव्हाळ्याची बहुधा तीन धारांवर अडखळते. इजिप्तचा पपायरसही याच कुळातला. म्हणजे लिहिणाऱ्यांची सोयरीक थेट चिखलाशी!

माझी आजी रत्नागिरीकडची. नेवाळकरही मूळचे तिकडचेच, कोट गावचे. त्यामुळे झाशी म्हणजे कोकणची लांबलेली पडवी, असं ती म्हणायची. खाडीकाठी खारफुटी संपते नि भातखाचरं सुरू होतात, त्यामधल्या निमखाऱ्या पट्ट्यात तिनं लव्हाळा पाहिला होता. "तो आहे म्हणून चिखल जाग्यावर आहे गो," एवढंच तिचं शास्त्र. ते बरोबर होतं. मुळांचं जाळं गाळ धरून ठेवतं, दाट काड्या भरतीचा जोर मोडतात, त्यांच्या आडोशाला माशांची पिल्लं वाढतात. काडीच्या आतल्या पोकळ्यांतून हवा मुळांपर्यंत उतरते, म्हणून श्वास कोंडलेल्या काळ्या चिखलातही तो तगतो. कंद पक्ष्यांच्या पोटी जातात. भरतपूरला सैबेरियाहून येणारे क्रौंच पाणथळीत चोची खुपसून लव्हाळ्याचे कंदच उकरायचे. २००२ नंतर ते तिथे आले नाहीत. त्यांच्या वाटेवरच्या शिकारीला लव्हाळा काय करणार?

आमच्या वस्तीमागे एक डबकं आहे. तळं म्हणावं एवढं मोठं नाही. ते उपसून काठ दगडांनी बांधायचा, म्हणून घरटी वर्गणी ठरली आहे. मी अजून दिलेली नाही. डासांचं म्हणणं खोटं नाही. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या वहिनी डेंग्यूनं आठ दिवस पडून होत्या, आणि त्यांच्यासमोर लव्हाळ्याची बाजू मांडताना माझी जीभ जड होते. तरी मी सांगितलं, गटाराचं तोंड आधी वळवा, प्लॅस्टिक काढा, निम्मा काठ मोकळा करा. पण पिंपळाखालचा काठ तसाच ठेवा. तिथं पाणी त्यातल्या त्यात स्वच्छ आहे, आणि पाणकोंबडीचं घरटंही तिथेच आहे.

वहिनी म्हणाल्या, "पिल्लं उडेपर्यंत थांबू. मग बघू."

पिल्लं अजून काळी, कापसाच्या बोंडाएवढी आहेत.