निनावी निमंत्रण

रहस्यकथा वाचणे प्राध्यापकाला शोभत नाही, असे मानणारे काही सहकारी मला लाभले आहेत. त्यांच्या मताचा मान राखून मी त्या रात्री, अंथरुणावर पडल्यावरच वाचतो. माझे बालपण बाबुराव अर्नाळकरांवर पोसले गेले. पुढे इंग्रजी विषय घेतल्यामुळे अभ्यासाच्या नावाखाली ॲगाथा ख्रिस्ती उजळ माथ्याने वाचता येऊ लागली. कोणी अज्ञात यजमान एका निर्जन बेटावर दहा माणसे जमवतो, ही तिच्या 1939 सालच्या एका कादंबरीतली कल्पना. ती वाचताना मला नेहमी वाटे की, असल्या निमंत्रणावर विसंबून ही शहाणीसुरती माणसे घराबाहेर पडतातच कशी? गतवर्षीच्या पावसाळ्यात मी स्वतःच तसा बाहेर पडलो, आणि माझी शंका फिटली.

पत्र टंकलिखित होते. ‘जुलैच्या दुसऱ्या शनिवारी माथेरानला सगळे भेटू. खोल्या ठरवल्या आहेत. उत्तर नको, नुसते या.’ खाली हॉटेलचे नाव होते, सही मात्र नव्हती. लखोट्यावर पुण्याचा पुसट शिक्का होता. आमच्या कंपूतला जो एक जण आज वकिली करतो, त्याला मी फोन केला. तो म्हणाला, “मला वाटलं, हा चावटपणा तुझाच!”

ठाण्याचा कलेक्टर मॅलेट याने 1850 साली माथेरान ‘शोधून काढले’, असे पुस्तकांत छापलेले असते. तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या लोकांना ते हरवले आहे याची वार्ताही नसावी! ते असो. 1907 साली सुरू झालेली नेरळची छोटी गाडी पावसाळ्यात घाट चढत नाही. टॅक्सी दस्तुरी नाक्यापर्यंत नेते. पुढे मोटारीला मज्जाव आहे. घोडेवाल्यांची विनवणी नाकारून मी पायीच निघालो. धुके इतके दाट होते की, चार पावलांवरचे जांभळीचे झाडही जवळ गेल्याखेरीज झाड वाटेना. तांबड्या मातीचा चिखल पोटऱ्यांपर्यंत आला होता. वाटेतली बरीचशी हॉटेले बंदच होती, आणि आमचे तर सर्वांत टोकाला, दरीच्या अंगाला होते.

संध्याकाळपर्यंत आम्ही पाच जण जमलो. पोटे सुटलेली, केस गेलेले. परंतु अर्ध्या तासात सारे ‘अरे-तुरे’वर आले. मग साहजिकच प्रश्न निघाला की, बोलावले कोणी? पाचही जणांनी कानांवर हात ठेवले. हॉटेलात त्या दिवसांत एक आचारी आणि एक पोरगा एवढेच होते. पोरगा म्हणाला, “बुकिंग मुंबईच्या हापिसात होतं. आम्हांला सहा माणसं सांगितलीत. एक यायचा हाय.”

इतक्यात वीज गेली.

कॉलेजात आम्ही सात जण होतो. त्यांपैकी एक गणिती डोक्याचा विसराळू प्राणी अमेरिकेत स्थायिक झालेला. तो येणे शक्य नव्हते. मग उरला एकच. त्याचे नाव कोणी उच्चारले नाही. तो पुण्यास एका छापखान्यात आहे, अशी पुष्कळ वर्षांपूर्वीची बातमी होती. पुण्याचा शिक्का आणि सुबक टंकलेखन! मेणबत्तीच्या उजेडात आम्ही एकमेकांकडे पाहिले, आणि सर्वांच्या मनात तोच आहे हे सर्वांना कळले.

पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता की, बोलायचे तर ओरडावे लागे. परंतु वकील हळूच बोलू लागला. त्याच्या वडिलांची जमीन सावकाराच्या घशात जात असता तो सल्ल्यासाठी याच्याकडे आला होता, आणि फी ऐकून परत गेला होता. सरकारी अधिकारी झालेल्या मित्राने त्याच्या नोकरीच्या अर्जाला कधी उत्तर धाडले नव्हते. तिसऱ्याने उसने घेतलेले तीनशे रुपये परत केले नव्हते. चौथा म्हणाला, “मी त्याला रस्त्यात ओळख दिली नाही.” आपल्याला जाब विचारण्यासाठीच हे बोलावणे आहे, अशी प्रत्येकाची खात्री होती. माझी पाळी आली तेव्हा मी ॲगाथा ख्रिस्तीवर विनोद केला.

माझी हकीकत अशी होती. 1990 साली बी.ए.च्या शेवटच्या परीक्षेला तो माझ्या मागच्या बाकावर होता. ॲरिस्टॉटलच्या शोकान्तिकेवरील टिपणाची एक चिठ्ठी मी सदऱ्याच्या बाहीत नेली होती. पर्यवेक्षक जवळ येताच मी घाबरलो, आणि ती खाली पडली. ती मला परत द्यावी म्हणून तो वाकला, आणि चिठ्ठी त्याच्या हातात सापडली. त्याला उठवून नेले. अक्षर कोणाचे, असे त्याला विचारले असणारच. त्याने ते सांगितले नाही. तो पुन्हा परीक्षेला बसला नाही. मी वरच्या वर्गात उत्तीर्ण होऊन प्राध्यापक झालो. त्यानंतर किती तरी परीक्षांना मी पर्यवेक्षक म्हणून बाकांमधून फिरलो आहे. कोणी काही उचलायला वाकले, की मी तोंड फिरवतो. विद्यार्थी मला भोळा समजतात.

नऊच्या सुमारास फाटक वाजले. कंदिलाचा एक उजेड हेलकावत पायऱ्या चढू लागला. आम्ही सारे उभे राहिलो होतो. का, ते सांगता येणार नाही. दार उघडले आणि निथळत्या रेनकोटातून आवाज आला, “लेको, जेवलात की काय माझ्यावाचून?”

अमेरिकेचा गृहस्थ! दोन महिने पुण्याला बहिणीकडे आला होता, आणि पत्रे त्यानेच धाडली होती. सही? तो क्षणभर थांबला आणि कपाळावर हात मारून हसला. कॉलेजात उत्तरपत्रिकेवर बैठक क्रमांक घालण्यासही तो असाच विसरत असे. आम्ही इतके हसलो की, पोरगा स्वयंपाकघरातून धावत आला.

हसणे ओसरल्यावर वकिलाने विचारले, “त्याला नाही बोलावलंस?”

“कुणाला?” नाव ऐकून तो ओशाळला. “अरे, पत्ते कॉलेजच्या यादीवरून घेतले मी. यादी पदवीधरांची. त्यात त्याचं नाव नव्हतं.”

सहा ताटे मांडली होती, आणि सहाही माणसे बसली. पिठले गरम होते.

सकाळी धुके विरळ झाले. पुढच्या वर्षी त्यालाही आणायचे असे ठरले, आणि त्याचा पत्ता काढण्याचे काम, कॉलेजातला माणूस म्हणून, माझ्याकडे आले. मी मान डोलावली. त्याच्या गावाकडचा पत्ता मला पाठ आहे, हे मी त्यांना सांगितले नाही. पत्र मी लिहिले आहे. चांगले चार पानांचे आहे, आणि खाली सही करण्यास विसरलेलो नाही. टपालात टाकायचे तेवढे राहिले आहे.