अवघड जागेचे दुखणे

अवघड जागी दुखणे आणि जावई वैद्य, ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली तो स्वतःच त्या दुखण्यातून गेलेला असला पाहिजे. हात मोडला तर माणूस तो गळ्यात बांधून गावभर हिंडतो. पण गुदद्वाराशी गळू झाले की तोच माणूस बायकोलाही सांगायला लाजतो.

आमच्या शाळेतले एक शिक्षक आठवडाभर उभ्यानेच शिकवीत होते. आम्ही सारे त्यांच्या उत्साहाचे कौतुक करीत होतो. पुढे ताप चढला तेव्हा कळले, की त्यांना बसताच येत नव्हते! मूळव्याध समजून ते गुपचूप मलम लावीत होते. पण मूळव्याध वेगळी, हे वेगळे. गुदमार्गात बारीक ग्रंथी असतात. एखादीचे तोंड बुजते, आत पू साचतो आणि ठणका लागतो. कोंडलेला पू नुसत्या गोळ्यांनी जात नाही. चिरा देऊन त्याला वाट करून द्यावी लागते. मग जखम न शिवता तळापासून भरू द्यायची. मधुमेह असलेल्याने तर एक दिवसही थांबू नये. डॉक्टरांनी चिरा दिला आणि त्याच रात्री सर गाढ झोपले.

कित्येकदा मात्र आत एक वाट उरते आणि वाहत राहते. तेच भगंदर. पिकण्यापूर्वी पिडका, पिकल्यावर भगंदर, असा भेद सुश्रुताने पूर्वीच केला आहे.

फ्रान्सचा चौदावा लुई यातून सुटला नाही. १६८६ साली महिनोन् महिने लेप-मलमे झाली. अखेर १८ नोव्हेंबरला फेलिक्स या शस्त्रवैद्याने, भुलीचे औषध नसलेल्या त्या काळात, राजावर सुरी चालविली. त्याआधी त्याने गोरगरीब रोग्यांवर हात बसवून घेतला होता. राजा बरा झाला आणि त्या शस्त्रक्रियेला अशी काही प्रतिष्ठा आली, की गरज नसलेले दरबारीही ती करून घ्यायला पुढे सरसावले! समकालीन शस्त्रवैद्य दिओनी याने तसे लिहून ठेवले आहे. ज्या गरिबांवर ती सुरी आधी चालली, त्यांची नावे मात्र कुणाला ठाऊक नाहीत.

म्हणजे लाज त्या जागेची नसतेच. ती दुखणाऱ्याच्या पायरीची असते. राजाला झाले की भूषण, मास्तराला झाले की गुपित. तेव्हा जावई वैद्य असेल तर खुशाल दुसरा वैद्य गाठावा. पण गाठावा, आणि उभ्या उभ्याच गाठावा!